गुरांच्या पोटांतील तार व खिळा

नागपूरच्या दक्षिणेस मनीषनगरासारख्या वस्त्या वाढल्यापासून गुरांची चरण्याची जागा व बांधकामाचें आवार हीं एकमेकांस भिडलीं आहेत. तेथें गाई-म्हशी पाळणाऱ्या बंधूंस चाऱ्याबरोबर तार किंवा खिळा पोटांत गेल्यानें होणाऱ्या विकाराची ओळख असणें अवश्य आहे.

गाय चारा जिभेनें ओढून नीट न चावतांच गिळते व मागाहून रवंथ करिते. त्यामुळें कुटारांतील तारेचा तुकडा तिला कळत नाहीं. तो पोटाच्या जाळीदार कप्प्यांत जाऊन पडतो. ह्या कप्प्यापुढें पातळ पडदा व त्यापलीकडे लगेच हृदय असतें. कप्पा आकुंचन पावतांना तारेचें टोंक पुढें रुततें. गाभणपणाच्या शेवटीं गर्भाच्या दाबानें व वितांना कळांनीं हा धोका वाढतो.

जनावर एकाएकीं चारा सोडतें, दूध आटतें, रवंथ थांबतें. तें पाठ कमानीसारखी करून व कोपरें बाहेर काढून उभें राहतें, उतारावरून चालण्यास कचरतें आणि बसतां-उठतां कण्हतें. मानेची शीर फुगून गळ्याखालीं सूज आली, तर विकार हृदयापर्यंत पोंचला असें समजावें. मग गुण क्वचितच येतो. म्हणून साधें अपचन समजून काढे पाजण्यांत दिवस घालवूं नयेत. जनावर पुढचे पाय उंचावर येतील असें बांधून स्वस्थ ठेवावें व गुरांच्या डॉक्टरांस बोलवावें.

डॉक्टर तोंडावाटे चुंबक देतात. तो त्याच कप्प्यांत राहून लोखंड धरून ठेवितो. तांबें, ॲल्युमिनियम व प्लॅस्टिक ह्यांवर मात्र तो चालत नाहीं. जरूर पडल्यास डावी कूस उघडून वस्तु हातानें काढितात. सेमिनरी हिल्स येथील नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ सालीं स्थापन झालें असून, तेथील चिकित्सालय आपणांस जवळच आहे.

प्लॅस्टिकच्या पिशव्या पोटांत सांचून पोटफुगी होते व जनावर झिजत जातें. महाराष्ट्रांत २०१८ सालीं अशा पिशव्यांवर बंदी आली. तरी उरलेलें अन्न पिशवींत बांधून टाकण्याची संवय अद्याप सुटलेली नाहीं.

पेंढ्या तारेनें बांधूं नयेत. कुट्टीयंत्राच्या तोंडाशीं चुंबक बसवावा. गोठ्याचें छप्पर किंवा कुंपण दुरुस्त केल्यावर खिळे व तारा त्याच दिवशीं वेंचून घ्याव्यात. एवढें केल्यास दुभतें जनावर गमावण्याचा प्रसंग पुष्कळ अंशीं टळेल, अशी आमची खात्री आहे.