जुन्या अभिलेखांची संगणकीय जपणूक

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्यास पूर आला आणि पुण्यात स्वारगेटजवळील अरण्येश्वर परिसरात पाणी शिरले. अशा प्रसंगी कागद व संगणक दोन्ही भिजतात. म्हणून जुन्या फेरफारांच्या संगणकीय छायाप्रतींचा बॅकअप अन्यत्र ठेवणे अगत्याचे आहे.

छायाप्रती डेटाबेसच्या तक्त्यातच साठविल्यास नोंद व छायाप्रत एकत्र राहतात. परंतु साठा फुगतो व बॅकअपला विलंब लागतो. छायाप्रती स्वतंत्र फायलींत ठेवून तक्त्यात केवळ त्यांचा ठावठिकाणा नोंदविल्यास भार हलका होतो. मात्र दोहोंचा बॅकअप एकाच वेळचा हवा. अन्यथा नोंद उरते, छायाप्रत हरवते. बॅकअपमधून छायाप्रत अधूनमधून उघडून पाहावी. शेतकऱ्याच्या हक्काचा पुरावा तीवरही अवलंबून असू शकतो.