गुरुवार, टर्की आणि नऊ जणांची पंगत

अमेरिकेतील थँक्सगिव्हिंग हा सण नेहमी गुरुवारीच येतो. १६२१ साली प्लिमथच्या वसाहतीत सुगीनंतर झालेल्या जेवणाशी त्याचे नाते सांगतात. १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी त्याला राष्ट्रीय स्वरूप दिले आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरचा चौथा गुरुवार कायमचा ठरला. हे सारे मला ठाऊक होते. पण आमच्या आईचाही गुरुवार असतो, हे मात्र माझ्या ध्यानातच आले नाही.

धाकटा भाऊ फ्लोरिडात नोकरी करतो. त्याची आणि आईची सात वर्षांत भेट नव्हती. त्याला सलग सुटी मिळते ती याच सणाला. म्हणून २०२५ च्या नोव्हेंबरात आम्ही पाच जण दुबईमार्गे ऑर्लँडोला जावे, वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या हॉटेलात उतरावे, आणि त्याच्या घरच्या चौघांसह नऊ जणांनी एका पंगतीत सणाचे जेवण घ्यावे असे ठरले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेली ही नगरी सुमारे शंभर चौरस किलोमीटरची आहे, म्हणजे आपल्या प्लेन विलेम्स जिल्ह्याच्या जवळजवळ निम्मी! तेव्हा जेवायला जागा मिळणे काय कठीण, असे वाटेल. पण तेथे उपाहारगृहातील टेबल साठ दिवस आधी राखावे लागते. हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या साठ दिवस आधी, पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सर्व जेवणे एकदम राखता येतात. आमचा मुक्काम २४ नोव्हेंबरपासून होता, म्हणून आमचा दिवस आला २५ सप्टेंबर, फ्लोरिडातील सकाळचे सहा वाजता.

इथे आमची फजिती झाली. दोन्ही देशांत नऊ तासांचे अंतर असे धरून मी दुपारी तीनला संगणकापुढे बसलो. नऊ तास हे हिवाळ्यातले अंतर! सप्टेंबरात अमेरिकेची घड्याळे एक तास पुढे असतात, त्यामुळे आपल्याकडे दोन वाजताच सगळे सुरू झाले होते. गुरुवारी नऊ जणांचे एकही टेबल उरले नव्हते. मी डोक्याला हात लावला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "कोणत्या तारखेचं बोलतोस?" सत्तावीस नोव्हेंबर, मी म्हणालो. तिने दिनदर्शिका उलटली. "तो मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आहे. मी तिथे काय खाणार होते रे?"

मला उत्तर सुचेना. जिच्यासाठी हा सगळा घाट घातला, तिलाच कोणी विचारले नव्हते.

मग भावाला फोन केला. तो म्हणाला, "दादा, तसलं जेवण लिबर्टी ट्री टॅव्हर्नमध्ये वर्षभर रोज मिळतं. शुक्रवारी घे." खरेच, मॅजिक किंगडममधील त्या जुन्या वसाहतकालीन थाटाच्या उपाहारगृहात टर्की, स्टफिंग, कुस्करलेले बटाटे हे सारे केव्हाही वाढतात. शुक्रवारची पाच आणि चार जणांची दोन टेबले मिळाली. पुढे मी रोज पाहत राहिलो. लोक बेत बदलतात, टेबले सुटतात. निघण्याच्या दोन दिवस आधी नऊ जणांचे एक टेबल हाती लागले, आणि आधीची दोन ताबडतोब रद्द केली, कारण वेळेत रद्द न केल्यास माणशी दंड पडतो.

आपल्यापैकी कोणी जाणार असेल तर आणखी काही सांगतो. उद्यानाच्या आत जेवायचे तर प्रत्येकाला उद्यानाचे तिकीटही लागते, हॉटेलातील उपाहारगृहांना लागत नाही. दहा वर्षांचे मूल हिशोबात मोठे धरतात (आमच्या चिरंजीवांनी खाल्ले मात्र तीन चमचे). आणि मुख्य म्हणजे टर्कीच्याच ताटात पॉट रोस्ट येतो, ते गोमांस. टेबल राखताना आणि बसल्यावर, असे दोनदा सांगून ठेवावे. आम्ही सांगितले, त्यांनी ते वगळून टर्की जास्त वाढली. शाकाहारी माणसाने रस्सा आणि स्टफिंग कशात शिजवले आहे, हेही विचारून घ्यावे.

गुरुवारी काय केले? आईने हॉटेलच्या खोलीत छोटासा कलश मांडून पूजा केली. बेटावर आपण ज्याला करेम म्हणतो, ते त्या दिवशी नऊही जणांनी पाळले. संध्याकाळी ॲनिमल किंगडम लॉजमधील सना येथे गेलो. तेथे नान, कुलचा, पनीर पराठा आणि सोबत चिंचेची, कोथिंबिरीची, आंब्याची चटणी, रायते असे ताट मिळते. काचेपलीकडे मोकळे रान आहे. नोव्हेंबरात साडेपाचलाच अंधारते, म्हणून थोडे लवकर गेलो होतो. जिराफ चरताना दिसले.

दुसऱ्या दिवशी टर्की आली. आईनेही एक तुकडा घेतला, आणि पिशवीतून घरच्या पिमाँची बाटली काढली. "हे जरा मिळमिळीत आहे," ती म्हणाली. भावाने बाटली तिच्या हातातून घेतली, अर्धी आपल्याच ताटात रिकामी केली आणि डोळे पुसत म्हणाला, "फार तिखट आहे गं."