जाम झालेल्या मोटारसायकल इंजिनची फेरबांधणी : आधी कारण, मग पिस्टन

आजरा तालुक्यात मोटारसायकल हे आता केवळ प्रवासाचे साधन राहिलेले नाही. सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध पोचविणे, वैरणीचा भारा आणणे, गडहिंग्लजहून खताची पिशवी आणणे, काजूबी बाजारात नेणे ही सर्व कामे तिच्यावर होतात. म्हणजे ती शेतीचे एक अवजारच आहे. परंतु पंपाची किंवा फवारणी यंत्राची जेवढी निगा आपण राखतो तेवढी या अवजाराची राखत नाही. गाडी चालते तोवर चालवायची, असाच प्रघात आहे. मग एखाद्या दिवशी चढणीला इंजिन जाम होते आणि सुगीच्या तोंडावर मोठा खर्च अंगावर येतो.

असे इंजिन पुन्हा बांधता येते व योग्य रीतीने बांधल्यास ते अनेक वर्षे चालते. मात्र त्यासाठी एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. इंजिन कशामुळे गेले हे कळल्याशिवाय नवा भाग बसवू नये.

घरचा अनुभव

हा धडा आम्ही पैसे मोजून शिकलो. आमच्या घरच्या १०० सीसी गाडीवर रोज दोन वेळा दुधाचे कॅन जातात. एका उन्हाळ्यात चढण चढताना इंजिनातून टकटक आवाज येऊ लागला, ओढ कमी झाली आणि थोड्याच वेळात मागचे चाक जागीच धरले. गाडी गॅरेजमध्ये नेली. संध्याकाळच्या दुधाची घाई होती. त्याच दिवशी नवा पिस्टन व रिंगा बसवून गाडी परत मिळाली. सुमारे तीन आठवड्यांनी ती त्याच चढणीवर पुन्हा जाम झाली.

दुसऱ्या खेपेस दुसऱ्या मिस्त्रींनी पिस्टनला हात लावण्यापूर्वी उजव्या बाजूचे क्लचचे झाकण उघडले आणि ऑइलची जाळी बाहेर काढून दाखविली. जाळीवर काळा गाळ, ॲल्युमिनियमचा चुरा आणि पॅकिंगला लावलेल्या गमचे तुकडे साचले होते. ऑइल वर पोचतच नव्हते. पहिल्या वेळी पिस्टन बदलला गेला, पण पिस्टन का गेला हे कोणी विचारले नाही. न विचारणाऱ्यांत मीही होतो.

भात पिवळे पडले म्हणून लगेच युरिया टाकू नका, असे आम्ही शिवारात सांगत असतो. पिवळेपणा नत्राच्या कमतरतेने येतो, लोहाच्या कमतरतेने येतो आणि पाणी साचल्यानेही येतो. कारण चुकले तर खर्च वाया जातो. इंजिनचेही तसेच आहे.

इंजिन जाम का होते?

१०० सीसी गटातील परिचित गाड्या पाहिल्या, तर १९८५ साली आलेली सीडी १०० आणि १९९४ साली आलेली स्प्लेंडर या दोन्हींचे इंजिन ९७.२ सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास ५० मि.मी. आणि पिस्टनची धाव ४९.५ मि.मी. मिनिटाला ६,००० फेरे या वेगाने इंजिन चालते तेव्हा पिस्टन सेकंदाला १०० वेळा खाली-वर होतो. पिस्टन व सिलिंडर यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढीच असते आणि तीत ऑइलचा पातळ थर असतो.

पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, तर ब्लॉकमधील नळी बिडाची असते. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळपास दीड ते दोन पट फुगते. त्यामुळे उष्णता प्रमाणाबाहेर वाढली किंवा ऑइलचा थर तुटला की पिस्टन नळीला घासतो व धरतो. यालाच आपण इंजिन जाम झाले असे म्हणतो.

पूर्वी खेडोपाडी दिसणाऱ्या राजदूत, येझदी या गाड्या टू स्ट्रोक होत्या. त्यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळले जाई. त्यामुळे पेट्रोल भरताना ऑइलची आठवण आपोआप होत असे. फोर स्ट्रोक गाडीत ऑइल इंजिनच्या तळाशी असते व ते एक लिटरच्या आसपासच असते. रिंगा झिजल्या की ते थोडे थोडे जळते, पॅकिंगमधून गळते आणि बाहेरून काहीच कळत नाही. गाडी बदलली, पण आपली सवय जुनीच राहिली.

आपल्या भागात आणखी एक कारण आहे. या इंजिनांना हवेने थंडावा मिळतो. ओझे लादून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश चढण चढताना इंजिन तापते जास्त आणि वारा मिळतो कमी. त्यातच रोप लावणीच्या दिवसांतील चिखल ब्लॉकच्या पात्यांत वाळून बसलेला असला, तर उष्णता बाहेर पडण्याची वाटच बंद होते.

भागांवरील खुणा ओळखाव्यात

इंजिन उघडल्यावर भाग पुसण्यापूर्वी नीट पाहावेत. खुणा पुढीलप्रमाणे असतात.

(१) ऑइलची कमतरता : पिस्टनच्या अंगावर सर्व बाजूंनी उभे ओरखडे असतात. हेडमधील कॅम खरवडलेला दिसतो. कनेक्टिंग रॉडचे क्रँककडील तोंड तापून निळसर पडलेले असते.

(२) अतिउष्णता : पिस्टनची एग्झॉस्टकडील बाजू अधिक घासलेली असते. डोक्यावर वितळल्याच्या खुणा दिसू शकतात. पात्यांतील चिखल, कार्बोरेटरमधील कचरा किंवा इनलेटच्या जोडातून शिरणारी हवा यांपैकी काही आहे का, ते पाहावे.

(३) धूळ : यात इंजिन एकाएकी जाम होत नाही. काही महिने निळा धूर येतो व ऑइल कमी होत जाते. रिंगा पातळ होतात आणि सिलिंडरच्या वरच्या टोकाशी बोटाला लागेल असा कंगोरा तयार होतो. एअर फिल्टर फाटलेला किंवा झाकण सैल असल्याची ही खूण होय.

(४) पाणी : ऑइल दुधाच्या चहासारखे दिसते. सिलिंडरमध्ये गंजाचे वळे दिसते, बेअरिंगवर खड्डे पडतात.

पाण्याविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कोल्हापूर जिल्ह्यातील असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरताच गाडी चालू होते का हे पाहण्यासाठी किक मारण्याचा मोह होतो. तो टाळावा. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना किक किंवा स्टार्टरचा जोर दिल्यास कनेक्टिंग रॉड वाकतो आणि थोडक्यात निभावणारे काम पूर्ण इंजिनवर जाते. बुडालेल्या गाडीची बॅटरी सोडवावी, प्लग काढावा, ऑइल व पेट्रोल काढून टाकावे आणि गाडी ढकलत गॅरेजला न्यावी. हे जितके लवकर होईल तितका गंज कमी.

हाफ इंजिन की फुल इंजिन?

गॅरेजच्या भाषेत हेड, ब्लॉक व पिस्टन यांचे काम म्हणजे हाफ इंजिन. क्रँक, रॉड व बेअरिंगसह सर्व उघडणे म्हणजे फुल इंजिन. कोणते काम करावयाचे हे मोजमापावरून ठरवावे.

सिलिंडर वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोन दिशांनी मोजावा. या सहा मापांवरून नळी किती झिजली व किती अंडाकृती झाली हे कळते. झिजेची मर्यादा गाडीच्या दुरुस्ती पुस्तिकेत दिलेली असते. लहान इंजिनांत ती साधारणपणे ०.१० मि.मी.च्या आसपास असते. झीज मर्यादेबाहेर असेल किंवा नखाला लागतील असे ओरखडे असतील, तर बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मि.मी. मोठा पिस्टन घालावा. काही नव्या गाड्यांच्या सिलिंडरला आतून कठीण मुलामा असतो. असा सिलिंडर बोअर होत नाही, तो बदलावाच लागतो.

कनेक्टिंग रॉड हाताने सरळ वर-खाली ओढून पाहावा. या दिशेने हालचाल जाणवता कामा नये. आडवी थोडी सरक असणे मात्र स्वाभाविक आहे. वर-खाली हालचाल जाणवल्यास, क्रँक फिरविताना खरखर आल्यास किंवा रॉड वाकलेला असल्यास फुल इंजिनशिवाय पर्याय नाही. अशा क्रँकवर नवा पिस्टन बसविणे म्हणजे कुजलेल्या खांबावर नवी कौले चढविण्यासारखे आहे. व्हॉल्व्ह तपासण्यासाठी हेडच्या तोंडात थोडे रॉकेल किंवा डिझेल ओतून ठेवावे. ते झिरपले तर व्हॉल्व्ह बसवून घ्यावेत.

पिस्टन धरला असेल तर ऑइल पंप, तळाची जाळी आणि क्लचकडील फिरता गाळक साफ करणे हे हाफ इंजिनच्या कामातही सक्तीचे समजावे. हेडपर्यंत जाणाऱ्या ऑइलच्या वाटा हवेने फुंकून मोकळ्या कराव्यात. पहिल्या वेळी आमचे काम चुकले ते नेमके येथेच.

बांधणी करताना घ्यावयाची काळजी

(१) आधी पिस्टन विकत घ्यावा आणि तो लेथवाल्याकडे द्यावा. त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्यावा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, तसेच मोठ्या बाजारपेठांच्या गावी हे काम होते.

(२) बोअर केलेला ब्लॉक गरम पाणी व साबणाने घासून धुवावा. नुसत्या रॉकेलने आतील बारीक कण निघत नाहीत व ते नव्या रिंगा खातात. पांढरे फडके फिरविल्यावर ते पांढरेच निघेपर्यंत धुवावे, लगेच कोरडे करून ऑइलचा हात फिरवावा.

(३) रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या दोन टोकांतील फट फिलर गेजने मोजावी. ५० मि.मी. व्यासासाठी ती साधारणपणे ०.१० ते ०.३० मि.मी. असते. फट फारच कमी असेल तर तापल्यावर रिंगची टोके एकमेकांना भिडतात.

(४) पिस्टनवरील दिशेची खूण व रिंगवरील वरच्या बाजूची खूण पाहूनच ते बसवावेत. रिंगांची तोंडे एका रेषेत न ठेवता भोवताली वाटून द्यावीत.

(५) पिस्टन पिनच्या क्लिपा, पॅकिंग आणि ऑइल सील नवीनच वापरावेत. गम लावावाच लागला तर अगदी पातळ लावावा. जास्तीचा गम आत पडून जाळीवर जातो.

(६) हेडचे नट आळीपाळीने, समोरासमोर, दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. शक्य असेल तेथे टॉर्क पान्याचा आग्रह धरावा. टायमिंगच्या खुणा जुळवून इंजिन हाताने दोन फेरे फिरवून पाहावे. अडल्यास जोर न लावता टायमिंग पुन्हा तपासावे.

(७) टॅपेटची फट इंजिन थंड असताना पुस्तिकेतील मापाप्रमाणे ठेवावी. ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे घ्यावे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच ऑइलमध्येच फिरतो, म्हणून मोटारगाडीचे ऑइल न घालता डब्यावर ‘जासो एमए’ असा उल्लेख असलेले घ्यावे.

(८) चालू करण्यापूर्वी प्लग काढून पंधरा-वीस किक माराव्यात व ऑइल हेडपर्यंत आल्याची खात्री करून घ्यावी.

पहिले ५०० किलोमीटर

नव्या रिंगा सिलिंडरशी जुळण्यास वेळ लागतो. या काळात दुधाचे कॅन, खताची पोती लादून चढणीला गाडी घालू नये. एकाच वेगाने सतत पळवू नये, तसेच उभ्या जागी बराच वेळ चालूही ठेवू नये. सुमारे ५०० किलोमीटरनंतर ऑइल बदलावे, जाळी पाहावी व टॅपेट पुन्हा तपासावेत. दूध रोज घालावयाचे असल्याने ही अडचण मोठी वाटते. आम्ही ते दिवस शेजाऱ्यांच्या गाडीवरून दूध पाठवून काढले. शक्यतो काम दुधाचा भर कमी असताना काढावे.

खर्चाचा विचार

इंजिन उघडून मोजमाप झाल्यावर सुट्या भागांची यादी व मजुरी लिहून घ्यावी. बदललेले जुने भाग परत मागावेत. त्यावरून काय बिघडले होते हेही कळते. त्याच मॉडेलची, तेवढीच जुनी पण चालू गाडी बाजारात कितीला मिळते याची चौकशी करावी. फुल इंजिनचा खर्च त्या किमतीच्या जवळ जात असेल आणि चासी, चाके, वायरिंगही थकले असतील, तर दुरुस्तीचा आग्रह धरू नये. बाकी गाडी धड असेल तर मात्र फेरबांधणी निश्चितच परवडते.

आठवड्याचे दोन मिनिटांचे काम

आठवड्यातून एकदा गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर उभी करून ऑइलची कांडी पुसून पाहावी. बहुतेक गाड्यांत कांडी आटे न फिरविता नुसती टेकवून मोजतात. ऑइल खालच्या खुणेपर्यंत आले असेल तर लगेच भरावे आणि ते का कमी झाले याचा शोध घ्यावा. ब्लॉकच्या पात्यांतील चिखल इंजिन थंड झाल्यावर धुऊन काढावा. धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर लवकर तपासावा. चढणीला नेहमीपेक्षा ओढ कमी वाटली किंवा आवाज बदलला, तर गाडी तेथेच थांबवावी. एक वेळचे दूध उशिरा पोचले तर नुकसान थोडे होते. पुढचा अर्धा किलोमीटर रेटला तर मात्र इंजिन जाते.

आमच्या घरी गोठ्याच्या खुंटीला ऑइल पुसण्याचे फडके टांगलेले आहे. दर सोमवारी दूध घालून आल्यावर, इंजिन निवले की वडील कांडी काढून पाहतात. दुसऱ्या बांधणीनंतर ती गाडी त्याच चढणीवरून रोज दोन वेळा जात आहे.