साबऱ्यावर पांढरे काय पडले आहे?



मागचा अंक घरोघर पोहोचल्यावर तीन घरांतून एकच प्रश्न आला: "आमच्या मागच्या कुंपणावरच्या साबऱ्यावर कापसासारखे पांढरे काय पडले आहे?" दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे असा आमचा विचार होता. पण लिहायला बसलो तेव्हा कळले की इतकी वर्षे या झाडाशेजारी राहून आम्ही ते कधी नीट पाहिलेलेच नाही. फळे खाल्ली, बोटांत कुसळे भरून घेतली, मुलांना "हात लावू नका" म्हणून ओरडलो, एवढीच काय ती ओळख. म्हणून आधी झाड पाहू, मग पांढऱ्या कापसाकडे वळू.

आपल्यातली जुनी माणसे इस्राएलात उतरली तेव्हा हे झाड पाहून त्यांना परके वाटले नाही. रेवदंड्याकडच्या एक मावशी आम्हांला सांगत, "बसमधून पाहिले आणि म्हटले, अगं बाई, हा तर आपला फड्या!" मावशींचे बरोबरही होते आणि चूकही. घराणे एकच, पण भावंडे वेगळी. कोकणात आणि देशावर माळरानावर वाढणारा फड्या निवडुंग अंगाने लहान. त्याच्या एकेका डोळ्यात लांब, दणकट काट्यांचा झुबका असतो आणि फळ लहान, जांभळट लाल. ती बोंडे खाऊन तोंड लाल करून घेतल्याच्या आठवणी आपल्या कितीतरी घरांत आहेत. इथला साबरा म्हणजे ओपन्शिया फायकस-इंडिका. हा माणसाने मेक्सिकोत हजारो वर्षे निवडून निवडून वाढवलेला, म्हणून मोठ्या फळाचा आणि कमी काट्यांचा.

नावात 'इंडिका' आहे म्हणून आपण फुशारून जाऊ नये. कोलंबस अमेरिकेला इंडिया समजला, त्या घोटाळ्यातले हे नाव. लिनियसने १७५३ साली तेच कायम केले. हे झाड स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात भूमध्य समुद्राकाठी आले. म्हणजे बायबलमधल्या चित्रांत मेंढपाळांच्या मागे साबरा काढलेला दिसला तर ती चित्रकाराची चूक समजावी.

आता झाड. पहिली गंमत अशी की ज्याला आपण पान म्हणतो ते पान नाहीच. तो चपटा झालेला दांडा आहे. आपण त्याला फडाच म्हणू, नागाच्या फड्यासारखा दिसतो म्हणून. एक फडा साधारण ३० ते ५० सेंटिमीटर लांब, हातभर म्हणा ना, आणि दोन-तीन सेंटिमीटर जाड. रंग राखाडी हिरवा. बोटाने घासले तर राखाडीपणा थोडा निघतो, कारण तो मेणाचा थर आहे. पाणी बाहेर जाऊ नये म्हणून झाडाने अंगाला मेण चोपडून घेतले आहे. एका फड्याच्या कडेवर दुसरा, त्यावर तिसरा, अशी ही उतरंड तीन ते पाच मीटर उंच जाते. खालचे फडे वर्षांनुवर्षे जाड होत जातात, करडे पडतात, त्यांवर साल येते आणि त्यांचे खोड बनते. खोडाशी वाकून पाहिले तर एकावर एक बसलेल्या जुन्या फड्यांचे सांधे अजून ओळखू येतात.

मग खरी पाने कुठे? ती पाहायची असतील तर वसंतात, नवे फडे फुटतात तेव्हा पाहावे लागते. कोवळ्या फड्यावर तांदळाच्या दाण्याहूनही लहान, टोकदार, हिरवी शिंगे दिसतात. ती पाने. काही आठवड्यांत गळून जातात. आम्ही यंदा भिंग घेऊन पाहिली तेव्हा घरातली मुले पहिल्यांदा आमच्याबरोबर कुंपणाशी आली.

प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो, उसाच्या पेरावर असतो तसा. सगळ्या फड्यावर हे डोळे तिरप्या ओळींत मांडलेले दिसतात. निवडुंगाच्या घराण्याची खरी खूण हे डोळेच. काटा त्यातून निघतो, नवा फडाही त्यातून निघतो, फूलही त्यातून, आणि फडा जमिनीला टेकला तर मूळसुद्धा. गावाकडे कुंपणाला लावतात तो त्रिधारी निवडुंग कापला की पांढरा चीक येतो. तो या घराण्यातला नव्हे, आणि त्याचा चीक डोळ्यांत गेला तर फार वाईट. साबरा कापला तर चीक येत नाही, बुळबुळीत रस येतो, भेंडीसारखा. त्या बुळबुळीतच त्याचे पाणी धरून ठेवलेले असते.

काटे दोन तऱ्हेचे. मोठे काटे पांढुरके, डोळ्यातून एखाद-दुसरा, आणि बागेतल्या जातींवर बहुधा नसतातच. ते दिसतात, म्हणून त्यांचे भय नाही. भय आहे ते कुसळांचे. डोळ्याभोवती पिवळट तपकिरी मखमलीसारखा झुबका दिसतो, त्यात केसाहून बारीक अशी शेकडो कुसळे असतात आणि प्रत्येकाला उलटे दात असतात. म्हणून ती आत सहज जातात आणि बाहेर येत नाहीत. "बिनकाट्याचा साबरा" म्हणून जो विकतात त्याच्या फळावरही ही असतात, हे ध्यानात ठेवावे. कुसळ लागले तर चोळू नये, बोट तोंडात तर मुळीच घालू नये. चिकटपट्टी लावून ओढून काढावी, राहिलेली चिमट्याने.

फूल मे-जूनमध्ये, फड्याच्या वरच्या कडेवर ओळीने, पिवळे ते नारिंगी, वाटीएवढे. मधले पुंकेसर शेकड्यांनी असतात आणि काडीने हलकेच स्पर्श केला की ते आतल्या बाजूला मिटतात. लाजाळूसारखेच, पण फूल लाजते. मधमाशी आत शिरली की तिच्या अंगाला पराग लागावा म्हणून ही योजना.

फळाचीही तीच गोष्ट, दिसते ते असते तसे नाही. जे आपण सोलून टाकतो ते सालपट फळाचे नाहीच, ते दांड्याचेच अंग. फूल येते तेव्हा त्याचा बीजकोश फड्याच्या मांसात रुतलेला असतो, आणि तोच तुकडा फुगून फळ होते. म्हणून फळावरही डोळे आणि कुसळे. कच्चे फळ मातीत टाकले तर त्याच्या सालीतून मुळे फुटून नवे झाड येऊ शकते, बी रुजायच्या आधीच! आत दोन-तीनशे टणक बिया. चावायच्या नाहीत, गिळायच्या. लाल जातीतला रंग बिटाच्या जातकुळीचा, म्हणून दोन-चार लाल फळे खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी लघवीला लालसर झाली तर दवाखान्यात धावू नये. आमच्याकडे एका घरात तशी धावाधाव झाली होती, नाव सांगत नाही.

या झाडाच्या पोटातला कारभार आम्हांला सर्वांत आवडला. दुसरी झाडे दिवसा आपली बारीक छिद्रे उघडून हवा आत घेतात, त्यात पाणी उडून जाते. साबरा दिवसभर दारे बंद करून बसतो आणि रात्री गारव्याला उघडतो. रात्री घेतलेली हवा आम्लाच्या रूपात साठवतो, सफरचंदात असते तेच मॅलिक आम्ल, आणि दिवसा उन्हात तिचे अन्न करतो. त्यामुळे पहाटे तोडलेला कोवळा फडा आंबट लागतो आणि संध्याकाळचा सपक. मेक्सिकोतल्या बायका याची भाजी करतात. आम्ही केली, कुसळे खरवडून, मोहरी-मिरचीची फोडणी देऊन. भेंडी आवडणाऱ्यांनी करून पाहावी, इतरांनी आग्रह करू नये.

मुळे खोल नाहीत, वीत-दीड वीत मातीतच पसरतात. पाऊस पडला की थोड्याच वेळात बारीक नवी मुळे फुटतात, पाणी ओढून घेतात आणि कोरड पडली की वाळून जातात.

अशा बांध्याचे झाड कुंपणाला उत्तम. न पाणी, न खत, गुरे आत येत नाहीत आणि वर फळे मिळतात. म्हणून या देशातल्या अरब शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वाड्यांभोवती हीच झाडे लावली. अरबीत त्याच्या नावाशी जुळणारा शब्द 'सब्र', म्हणजे धीर. तो आपल्यालाही 'सबुरी'मधून ओळखीचा आहे. १९४८ मध्ये ओस पडलेल्या कितीतरी खेड्यांची घरे गेली तरी कुंपणे राहिली, आणि आजही टेकडीवर अकारण रांगेने उभा साबरा दिसला तर तिथे कोणाचे तरी शेत होते असे समजावे. इकडे हिब्रूत इथेच जन्मलेल्यांना साबरा म्हणू लागले, बाहेरून काटेरी आणि आतून गोड. आपल्या मुलांनाही शेजारी तसेच म्हणतात. एकाच झाडावर दोघांनी आपले नाव लिहिले आहे.

आता तो पांढरा कापूस. प्रथम आमची चूक सांगतो. आम्हीही तीन वर्षांपूर्वी तो पाहिला, बुरशी समजलो आणि गंधकाची भुकटी मारली. काही उपयोग झाला नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फडे पिवळे पडून सांध्यांतून गळू लागले, आणि सुमारे वीस पावले लांबीचे ते कुंपण एका हिवाळ्यात खाली बसले. ते आमच्याही आधीपासून तिथे होते.

ती बुरशी नाही, किडा आहे: कोचिनील, शास्त्रीय नाव डॅक्टिलोपियस ओपन्शिये. गुलाबाच्या झाडावरचा पिठ्या ढेकूण आठवा, त्याच्याच नात्यातला. मादीला पंख नाहीत. ती फड्यात सोंड खुपसून एकाच जागी बसते, रस पिते आणि अंगावर मेणाचा कापूस विणते. काडीने कापूस बाजूला करून किडा चिरडला की रक्तासारखा लालभडक रंग येतो. ओळखण्याची हीच पक्की परीक्षा. पिल्ले इतकी हलकी की वाऱ्यावर दुसऱ्या झाडावर जातात. हा किडा लेबनॉनात २०१२ साली आणि इस्राएलच्या उत्तरेस २०१३ च्या सुमारास आढळला, आणि तिथून दक्षिणेकडे सरकत आला. वर सांगितलेला मेणाचा थर, कुसळे, काटे यांतले काहीच त्याला अडवत नाही, कारण तोही मूळ मेक्सिकोकडचा, याच झाडांवर पोसलेला. झाड समुद्र ओलांडून इकडे आले तेव्हा त्याचे शत्रू मागे राहिले होते. आता चारशेहून अधिक वर्षांनी एक शत्रू येऊन पोहोचला.

आणि गंमत म्हणावी की काय, आपल्या जुन्या देशात याच किड्याला लोकांनी दुवा दिला. ईस्ट इंडिया कंपनीने १७९५ साली लाल रंगाच्या लोभाने कोचिनीलची एक जात हिंदुस्थानात आणली. रंग धड मिळाला नाही, पण एका जातीचा निवडुंग तिने संपवला. पुढे दुसऱ्या जातींच्या फड्याने शेते आणि कुरणे गिळायला सुरुवात केली, तेव्हा १९२६ साली हाच डॅक्टिलोपियस ओपन्शिये सिलोनमधून दक्षिण भारतात मुद्दाम आणला गेला आणि काही वर्षांत निवडुंगाची रानेच्या राने बसली. तिथे त्याने शेत मोकळे केले, इथे तो कुंपण खातो. किडा तोच.

उपाय काय? या देशातल्या शास्त्रज्ञांनी मेक्सिकोतून या किड्याचे दोन शत्रू आणून सोडले आहेत, एक छोटा ढालकिडा आणि एक बारीक माशी. म्हणून कापसावर काळसर ढालकिडे फिरताना दिसले तर फवारणी करू नये, ते आपल्या बाजूचे आहेत. प्रादुर्भाव थोडा असेल तर नळीच्या जोरदार धारेने आणि साबणाच्या पाण्याने, लांब दांड्याच्या ब्रशने घासून काढावे, आणि दर आठवड्याला पुन्हा पाहावे. डोळ्यांभोवती आणि सांध्यांत नीट पाहावे, किडा तिथे लपतो. फार भरलेले फडे कापून पिशवीत बांधून टाकावेत. ओढत नेऊ नयेत, वाटेवर पिल्ले सांडतात.

आमच्या पडलेल्या कुंपणातले तीन स्वच्छ फडे आम्ही वेळीच काढून ठेवले होते. कापलेली बाजू दोन आठवडे सावलीत सुकवली, मग तेलाच्या जुन्या डब्यांत अर्धे पुरून ठेवले. एक कुजला, बहुधा पाणी जास्त झाले. दोन लागले, आणि मोठ्याच्या वरच्या कडेला या वसंतात पाच डोळे फुटले. भिंगाने पाहिलेली पाने ती त्यांचीच.

फडा हवा असेल त्यांनी पुढच्या बैठकीला सांगावे, पावसाळा संपल्यावर कापून देऊ. येताना जाड हातमोजे आणि वर्तमानपत्र आणावे. आणि कोणाच्या कुंपणावर पांढरे असेल त्यांनी नमुना म्हणून फडा घेऊन येऊ नये. नुसते सांगावे, आम्हीच येऊन पाहू.