ढगांच्या वेढ्यावरून वादळाचें माप

राळेगांवाहून कोणताहि समुद्र शेंकडों मैल दूर. त्यामुळें चक्रीवादळ ही कोंकणची किंवा आंध्रची पीडा, आपणांस तिच्याशीं काय कर्तव्य, असा येथील पुष्कळांचा समज असतो. सन २०२१ च्या पितृपंधरवड्यानें तो खोटा ठरविला.

त्या वर्षीं २६ सप्टेंबरला ‘गुलाब’ नांवाचें वादळ आंध्रच्या कलिंगपट्टणम्‌जवळ किनाऱ्यास लागलें. भर समुद्रांतील वाऱ्याचा जोर कोणी मोजला, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. अमेरिकेंत वादळांत विमानें धाडतात. बंगालच्या उपसागरांत तशी वहिवाट नाहीं. तेथें सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरील इन्सॅट उपग्रहांच्या छायाचित्रांवरच मुख्य भिस्त. तीं वाचण्याची रीत व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत बसविली. अनुभवी गृहिणी पाकाची तार पाहून त्याची पक्वता ओळखते, त्यांतलाच हा प्रकार. ढगांचा पट्टा केंद्राभोंवतीं किती वळला हें पाहावयाचें. अर्धा वेढा पडला म्हणजे आंकडा अडीच, वारा ताशीं सुमारें ६५ किलोमीटर. वेढा पुरा होऊन पुढें सरकला म्हणजे आंकडा चार, वारा १२०. ‘डोळा’ उघडला कीं त्याची ऊब आणि भोंवतालच्या ढगमाथ्यांची थंडी यांतील अंतर मोजतात. तें जितकें अधिक तितकें वादळ प्रबळ. शेवटची पायरी आठ, वारा ३१५! सारा अदमासच खरा, पण जाणत्या डोळ्यांचा.

‘गुलाब’चा वारा ७५ ते ८५ किलोमीटर, म्हणजे या कोष्टकांत तिनाच्या आसपास, मध्यमच म्हणावयाचें. जमिनीवर येतांच समुद्राच्या वाफेचें इंधन तुटलें आणि वारा पडला. परंतु पोटांतलें पाणी कोठें जाणार? तें तेलंगण, विदर्भ, मराठवाडा असें रितें होत गेलें. २८ सप्टेंबरला आमच्याच जिल्ह्यांत, उमरखेड तालुक्यांतील दहागांवच्या पुलावरून एस. टी.ची मोटार पुरांत वाहून गेली व माणसें दगावलीं. त्या आंकड्यांत या पावसाचें माप नव्हतें, तो वाऱ्यापुरता.

कपाशीचीं बोंडें फुटण्याच्या दिवसांत म्हणूनच वादळ किनाऱ्यास लागल्यावर, तें निवळल्याची बातमी ऐकून कापूस वेचणी पुढें ढकलूं नये. त्या दिवशीं नागपूरच्या वेधशाळेचा पावसाचा इशारा तेवढा पाहावा. ‘गुलाब’चा अवशेष तर पुढें अरबी समुद्रांत उतरून ‘शाहीन’ या नांवानें पुन्हां उठला आणि ३ ऑक्टोबरला ओमानवर जाऊन आदळला.