रात्रीचे जेवण सुटले तरी गोळी सुटू नये

वर्षावासाच्या तीन महिन्यांत आपल्या वस्त्यांतील बरेच उपासक-उपासिका, विशेषतः वयस्कर मंडळी, अष्टशील पाळतात आणि दुपारी बारानंतर जेवत नाहीत. पण रात्रीच्या जेवणाबरोबर कोलेस्टेरॉलची गोळीही सुटते, असे विहारात विचारपूस करताना आम्हाला ऐकायला मिळते. "पोटात अन्न नाही, मग गोळी कशी घ्यायची?"

या आजारात बहुतेकांना मिळणारी ॲटोर्वास्टॅटिनची गोळी उपाशीपोटीही चालते. सकाळी घ्या की रात्री, वेळ मात्र रोज एकच ठेवा. शील मोडेल ही भीतीही नको. भिक्खूंच्या चार गरजांमध्ये चीवर, भोजन आणि निवास यांच्या जोडीला भेसज्ज, म्हणजे औषध, आहेच. आजाऱ्याच्या औषधी मुळी-पाल्याला विनयाने दुपारची मर्यादा घातलेली नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र जेवण टाळण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. साखर एकदम उतरू शकते.

गोळी सुटण्याचे दुसरे कारण म्हणजे चांगला आलेला रिपोर्ट. "आता नॉर्मल आहे, कशाला खायची?" अहो, नॉर्मल आहे ते गोळीमुळेच! शरीरातले बहुतांश कोलेस्टेरॉल बाहेरून येत नाही, शरीरातच, मुख्यतः यकृतात, तयार होते. गोळी ते बनणे कमी करते. बंद केली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर जातो, आणि त्याचा त्रास जाणवत नाही, हाच धोका. ज्यांना झटका येऊन गेला आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांचे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, निदान ७० च्या खाली असावे लागते. अंग फार दुखू लागले, लघवी गडद झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते. दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर तेही आधी सांगा.

गोळी सोडून लोक जातात कुठे? ओळखीतून विकल्या जाणाऱ्या महागड्या पावडरींकडे आणि कॅप्सूलकडे. अमेरिकेत २५ हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, माशाच्या तेलाच्या रोजच्या कॅप्सूलने हृदयविकाराचे मोठे प्रसंग ठळकपणे कमी झाले नाहीत. कुणी सांगितले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले ते अशा पावडरींनाही लागू आहे. इसबगोल थोडा उपयोगी आहे, पण गोळीची जागा तो घेत नाही. औषध महाग वाटत असेल तर सरकारी दवाखान्यात विचारा, जनऔषधी केंद्रात त्याच नावाची जेनेरिक गोळी मागा.

जेवणात फार उलथापालथ नको. ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ, जवसाची चटणी हे आपले अन्न चांगलेच आहे. घरात चार माणसे असतील तर महिन्याला साधारण दोन लिटर तेल पुरे. भजी तळलेले तेल पुन्हा पुन्हा कढईत घालू नका. मटण करताना चरबी काढून टाका, वजरी-कलेजी कधीतरीच. आणि मिसरी! कोलेस्टेरॉलची चर्चा करणाऱ्या किती मायमाऊल्या दिवसातून चारदा मिसरी लावतात. तंबाखूही हृदयाला घातकच, मग ती बिडीतली असो की डबीतली.

छातीवर दाब आला, घाम फुटला, दम लागला, तर पित्त समजून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.