गंजगोलाईसारख्या जुन्या इमारतीत दुकानं थाटायची तर नियम काय? जाणून घ्या

लातूरमध्ये कुणाला पत्ता सांगायचा, तर सुरुवात गंजगोलाईपासून होते. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये, निजामाच्या काळात ही दुमजली इमारत उभी राहिली. मधोमध अंबाबाईचं मंदिर, येऊन मिळणारे १६ रस्ते आणि सोन्यापासून मिरची-गुळापर्यंतचा बाजार. व्यापार इथे शंभर वर्षांपासून आहे. आता गाळे मोठे आणि चकाचक हवेत, तर अशा इमारतीत बदल करायचे किती?

भिंत काढली तर काय होतं?
आजच्या आरसीसी इमारतीत भार कॉलम-बीमवर असतो. त्या काळच्या बांधकामात तो सहसा भिंतीच पेलतात. शोरूमसाठी दोन गाळ्यांमधली भिंत काढली, की वरच्या मजल्याचं वजन उरलेल्या भिंतींवर येतं. १९९३ चा किल्लारीचा भूकंप सोसलेल्या जिल्ह्यात हा धोका पत्करण्यात अर्थ नाही. आधी स्ट्रक्चरल ऑडिट, मग दुकानाचं डिझाइन. आणि हो, चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा नको. ओल आतच अडकते.

नियम काय सांगतात?
वारसा यादीतल्या इमारतींना श्रेणी दिली जाते. श्रेणी १ मध्ये अत्यावश्यक दुरुस्तीपुरतीच मुभा असते. श्रेणी २ मध्ये बाह्यरूप राखून आतले बदल करता येतात, श्रेणी ३ मध्ये मोकळीक आणखी जास्त. बांधकामाचा हक्क वापरता आला नाही, तर मालकाला त्याबदल्यात टीडीआर मिळण्याची तरतूद आहे. यादीत नसलेल्या जुन्या वाड्याला किंवा बाजाराला मात्र हे नियम सहसा लागू होत नाहीत. तिथे बहुतेक वेळा नेहमीची बांधकाम परवानगी पुरते.